पाच एमएमच्या बोल्टात चार एमएमचा पाना

खटपट : वाचकांचे प्रश्न, गॅरेजवाल्या काकांची उत्तरं

या वेळी रिमोटच्या गाड्यांचेच प्रश्न इतके आले की मोटरपंप नि स्प्रेपंपवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल, रागावू नका, मृगाला अजून वेळ आहे. मी स्वतः तीस वर्षं ट्रॅक्टर खोलले, त्यामुळं सतराचा पाना हातात आला की माझा हात ओळखतो, पण हे चार एमएमचं काम नातवामुळं अंगावर आलं आणि आता चष्मा लावून का होईना, मजा येते.

प्रश्न : काका, मी दारव्हा तालुक्यातला, गावाचं नाव छापू नका, पोट्टे चिडवतात. माझ्याकडं रिमोटवर चालणारा एक ट्रक आहे, खडकांवरून चढणारा, खऱ्या गाडीच्या एकास दहा मापाचा, एका मित्राकडून जुना घेतला. त्याच्या चाकाच्या रिंगला बारीक बारीक नट-बोल्ट आहेत, एकेका चाकाले बारा, दोन रिंगांच्या मधात टायर त्याच्यानंच दाबून बसते. टायर बदलायचं म्हटलं तर नट दोन एमएमचे अन् रिंगच्या खोबणीत बसलेले, काहीच घुसत नाही, पक्कड लावली तर दोन नटांचे कोपरेच उडाले. ऑनलाइन बारका पाना मागवला होता तर कुरिअरवाल्यानं तालुक्यावरूनच परत पाठवला, पत्ता सापडला नाही म्हणे, अन् फोन एकदाही केला नाही. घरी बनवता येईल काय? माझ्याकडं ड्रिल मशीन, कानस अन् हॅक्सॉ एवढंच आहे. वेल्डिंग नाही, लेथ तर नाहीच नाही.

उत्तर : बनतो रे, लेथशिवायच बनतो. पण पहिले ती पक्कड खाली ठेव.

आधी मापाचा घोळ मिटवू, कारण दुकानात जाऊन तू 'दोन एमएमचा पाना द्या' म्हणशील आणि दुकानदार तुझ्याकडं पाहत राहील. नट दोन एमएमचा म्हणजे त्याच्या आतलं भोक दोनचं, पान्याला लागतं ते बाहेरचं माप, एका चपट्या बाजूपासून समोरच्या चपट्या बाजूपर्यंत. दोन एमएमच्या नटाचं ते माप असतं ४ एमएम. अडीचच्या नटाचं ५, तीनच्या नटाचं साडेपाच आणि चारच्या नटाचं ७. म्हणजे तुला पाहिजे ४ एमएमची गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा पाना, तीही इतक्या पातळ भिंतीची की रिंगच्या खोबणीत उतरेल. आणि इथंच गंमत आहे, कारण बाजारातली ४ची गोटी मिळाली तरी तिची भिंत बहुतेक जाडच निघते नि खोबणीच्या काठावरच बसून राहते.

आता सहा कोपऱ्यांचं भोक घरी पाडायचं कसं? मी करून पाहिलंय म्हणून सांगतो, नको. सळईला चारचं भोक पाडलं आणि सुईकानशीनं कोपरे काढत बसलो, दोन संध्याकाळी गेल्या, बायको म्हणाली डोळे घालवून बसाल, आणि शेवटी जे भोक निघालं त्याला कोपरे पाच होते की सात हे अजून ठरलेलं नाही. तो तुकडा मी ठेवलाय, नातू आला की दाखवतो आणि हसतो.

मग एक दिवस काय झालं, ४ नंबरची एलन की, म्हणजे ती सहा कोपऱ्यांची वाकडी सळई, आणि दोनचा नट टेबलावर शेजारी शेजारी पडले होते. दोन्ही स्टीलच्या दोन पट्ट्यांमध्ये धरून पाहिले, रुंदी सारखीच! आणि डोक्यात बत्ती पेटली. ज्या भोकात ४ची एलन की जाते त्याच भोकात दोनचा नट जाणार की! आणि ४ची एलन की जाते कशात, तर पाच एमएमच्या एलन बोल्टच्या डोक्यात. म्हणजे जे सहा कोपऱ्यांचं तोंड मी दोन संध्याकाळी कोरत बसलो ते कारखान्यानं आधीच कोरून, कडक करून, हार्डवेअरच्या दुकानात चहाच्या पैशात ठेवलेलं आहे.

हे लक्षात ठेवायलाही सोपं आहे. चारच्या एलन बोल्टचं तोंड ३चं, पाचच्याचं ४चं, सहाच्याचं ५चं, एकेकानं कमी. तीनच्या बोल्टला तेवढं अडीचचं असतं आणि आठच्याला ६चं, तिथं हिशेब चुकतो. म्हणजे तुझ्या दोनच्या नटाला पाचचा बोल्ट, अडीचच्या नटाला सहाचा. काही गाड्यांत रिंगवरचे बोल्ट दिसायला खऱ्या ट्रकसारखे दिसावे म्हणून त्यांची डोकी मुद्दाम छोटी ठेवतात, तिथं ३चं किंवा अडीचचं तोंड लागतं, तर चारचा किंवा तीनचा एलन बोल्ट घ्यायचा. दुकानात जाताना नट खिशात घेऊन जा आणि तिथंच काउंटरवर बोल्टच्या तोंडात टाकून पहा. नट केसभर लहान आणि तोंड केसभर मोठं असंच बनवतात त्यामुळं थोडा हलेल, तेवढं चालतं. गोल फिरला तर माप चुकलं.

बोल्ट घे पाच एमएमचा, सत्तर-ऐंशी एमएम लांबीचा, जमलं तर स्टेनलेसचा, काहून ते पुढं सांगतो. तालुक्याला नाही मिळाला तर नागपूरला इतवारीत कोणी जाणारं असेल तर त्याला सांग, दोन आणायला सांग, एक बिघडणार आहे.

आता काम. बोल्टचं डोकं असतं साडेआठ एमएम जाड, ते आपल्याला साडेपाच-सहावर आणायचं. नटाचं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप साधारण ४.६ भरतं, म्हणजे डोकं ५.६ झालं की कोपऱ्याजवळ अर्धा एमएम भिंत राहते. त्याच्या खाली जाऊ नको. मी पहिला पाना हावरटासारखा ५.२ केला होता, छान दिसत होता, सुईसारखा, तिसऱ्या नटाला कोपऱ्यावर उभा उकलला.

बोल्टचे आटे ड्रिलच्या चकमध्ये धरायचे. थेट धरले तर चकचे जबडे आटे चेपतात, म्हणून कोल्ड्रिंकच्या डब्याची पातळ पट्टी कापून गुंडाळ आणि मग आवळ. ड्रिल मशीन लाकडाला दोरीनं किंवा क्लॅम्पनं पक्कं बांध, हातात धरून हे काम होत नाही, दोन हात कानशीलाच लागतात. स्पीड कमी. कानस मुठीची पाहिजे, बिनमुठीची कानस फिरत्या कामाला लावली आणि ती उलटी आली तर तिचं टोक तळहातात घुसतं. गळ्यातला दुपट्टा काढून खुंटीला, बाह्या वर, हातातला गंडा-दोरा असेल तोही वर सरकव. हे सगळं मी म्हाताऱ्यासारखं बोलतोय असं वाटेल, वाटू दे.

कानस पुढं ढकलताना दाबायची, मागं घेताना उचलायची. फिरत्या डोक्यावर ती हळूहळू सरकवत ने, एकाच जागी ठेवली तर खाच पडते. मधून मधून बोल्ट थांबवून पाण्यात बुडव आणि मापून पहा. व्हर्नियर नसेल तर पत्र्याच्या तुकड्याला सहाच्या ड्रिलनं भोक पाड आणि डोकं त्यात जातं का बघत जा, हे माप व्हर्नियरपेक्षा बरं, कारण त्यात वाचायची भानगडच नाही.

डोकं बारीक झालं की बहुतेक लोक खूश होऊन थांबतात आणि मग म्हणतात पाना घसरतो. एलन बोल्टच्या तोंडाला कडेनं बारीक उतार दिलेला असतो, की सहज आत जावी म्हणून. बोट लावून पहा, कळतो. आता तुझा नटच मुळी १.६ एमएम उंचीचा, त्यातला पाव एमएम त्या उतारात वाया गेला तर धरायला उरतं काय? म्हणून डोक्याचं सपाट तोंड कानशीवर उभं घास, उतार पूर्ण जाऊन सहाही कडा टोकापर्यंत तीक्ष्ण दिसेपर्यंत. या पाच मिनिटांच्या घासण्यानं पान्याची पकड दुप्पट झाल्यासारखी वाटते, माझ्या हातात तरी वाटली.

आणखी एक अडचण येईल. तोंडाची खोली असते अडीच एमएमच्या आसपास, त्यातला उतार घासून गेला, १.६चा नट बसला, म्हणजे नटाच्या बाहेर आलेल्या बोल्टच्या टोकाला जागा राहते जेमतेम अर्धा एमएम. टोक जास्त बाहेर असेल तर पाना नटापर्यंत पोचतच नाही. त्यावर उपाय म्हणजे तोंडाच्या बुडाला अडीचच्या ड्रिलनं आणखी चार-पाच एमएम भोक पाडायचं. बऱ्याच बोल्टांत बुडाला मधोमध खोलगट वाटी असते, ड्रिलचं टोक आपोआप तिथं बसतं, पंचची गरज पडत नाही. स्टेनलेस असेल तर तेलाचे दोन थेंब टाक, कमी स्पीड, आणि दाब चांगला दे. नुसतं वर वर घासत बसलास तर स्टेनलेस तिथल्या तिथं कडक होतं आणि मग ड्रिलच जळते.

मूठ सागवानाची कर, जुन्या खिडकीच्या चौकटीचा तुकडा असतोच घरात. साडेचारचं भोक, बोल्ट आत पिळायचा, बुडाला थोडं एम-सील. पण मूठ जाड करू नको! ट्रॅक्टरवाल्यांची हीच सवय, मूठ भरून पाहिजे. दोन एमएमचा बोल्ट दोन बोटांच्या जोराचा धनी आहे, मूठभर जोर लावला की टाचणीसारखा तुटतो. पेन्सिलीपेक्षा थोडी जाड पुरे.

ज्या दोन नटांचे कोपरे गेलेत त्यांना हा पाना काही धरणार नाही. तिथं उलटं करायचं, नट बारीक चिमट्यानं नुसता धरून ठेव आणि समोरून स्क्रू फिरव दीडच्या एलन कीनं. नट फिरवायचाच असतो असं कोणी सांगितलंय?

प्रश्न : काका, मी आठवीत आहे, मूर्तिजापूरजवळ राहतो. आमच्या दादानं असाच बारका पाना करायला पाच एमएमचा काळा एलन बोल्ट घासून पाहिला पण कानस नुसती घसरते, बोल्ट चकचकीत होतो, बारीक होतच नाही. कानस बोथट झाली का?

उत्तर : कानस अजून शाबूत असेल तर नशीब समज. बोल्टच्या डोक्यावर बारीक आकडे असतात ते भिंगातून वाच, १२.९ लिहिलेलं असेल तर तो कडक पोलादाचा आहे, कानशीला दाद देत नाही. ८.८ असेल तर कुरकुर करत घासला जातो. म्हणूनच वर स्टेनलेसचा सांगितला, तो भट्टीत न घालताच कानशीला ऐकतो.

पण १२.९चा बोल्ट फेकू नका, मऊ करता येतो. मृगाच्या आधी वखराची पास पाजवायला लोहाराकडं सगळं गाव जातं न, तेव्हा दादाला सोबत बोल्ट न्यायला सांग. भात्याजवळच्या निखाऱ्यात तो चांगला लाल होऊ द्यायचा. किती लाल हे डोळ्यानं कळत नसेल तर एक युक्ती, सांडशीनं बाहेर काढून चुंबक जवळ न्यायचं, चुंबक धरत नसेल म्हणजे ताव पोचला, पोलाद साधारण ७७० डिग्रीला चुंबकाला ओळख देणं सोडतं. मग पुन्हा क्षणभर तापवायचा आणि कोरड्या राखेत गाडून टाकायचा, पाण्यात बुडवायचा नाही, पाण्यात टाकला की पुन्हा कडक. रात्रभर राखेत हळूहळू निवला की सकाळी कानस त्याला खाते. नंतर परत कडक करायची भानगड नको, दोन एमएमच्या नटाला एवढा मऊ पुरतो.

हे मोठ्या माणसासोबतच करायचं, आणि बोल्ट काळाच पाहिजे. पांढरा-पिवळसर चमकणारा जस्त चढवलेला बोल्ट भट्टीत घालायचा नाही, जस्ताचा धूर छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. मी एकदा भोगलंय, डॉक्टर मलेरियाच्या गोळ्या द्यायला निघाले होते.

प्रश्न : नमस्कार जी. मोर्शीहून लिहितो. पाचच्या एलन बोल्टचं डोकं घासून केलेला पाना मी एका मित्राकडं पाहिला, साध्या नटाला मस्त चालतो, पण माझ्या गाडीचे नट नायलॉनवाले आहेत, त्यांना तो अर्धवटच धरतो अन् निसटतो. काय करावं?

उत्तर : बरोबर आहे तुमचं. नायलॉन रिंगवाला दोनचा नट साध्यापेक्षा उंच असतो, पावणेतीन एमएमच्या वर, आणि नायलॉनचा गोल भाग बाहेरच्या बाजूला म्हणजे आधी पान्यात घुसतो. खोली त्यातच संपते, सहा कोपऱ्यांचा भाग खाली वायसरजवळ राहून जातो.

तुम्ही एलन बोल्ट सोडा आणि आठ एमएमचा ग्रब स्क्रू पहा, तोच बिनडोक्याचा स्क्रू जो पुलीमध्ये शाफ्ट आवळायला असतो. त्याचंही तोंड ४चंच असतं पण लांब ग्रबमध्ये खोली पाच एमएमपर्यंत मिळते. आठ एमएमचा लांब जोडनट घ्या, एका बाजूनं ग्रब अर्धा पिळा, तोंड बाहेर ठेवून, दुसऱ्या बाजूनं आठची आटेवाली सळई आत नेऊन ग्रबच्या बुडाला आवळा, दोन्ही एकमेकांवर दाबून घट्ट बसतात. बाहेर राहिलेला भाग वरच्यासारखाच घासून सहावर आणायचा. ग्रब कडक असतात, म्हणून जोडणीच्या आधी राखेचा कार्यक्रम करावाच लागेल. जोडनटामुळं पाना बुडाशी जाड होतो, पण रिंगच्या खोबणीत फक्त टोक जायचं असतं त्यामुळं अडत नाही.

प्रश्न : घरी जुन्या रेडिओचा एरियल पडलाय, एकातून एक निघणाऱ्या नळ्यांचा. त्याचा पाना नाही का होणार? बोल्ट घासत कोण बसणार! – एक आळशी वाचक, उमरेड

उत्तर : आळशी माणसाचंच डोकं चालतं. होतो, पण अर्धा. एरियलच्या नळ्या पितळेच्या, वरून चमक चढवलेली, भिंत कागदासारखी. ज्या नळीतून तुमचा नट कोपऱ्यांसकट जेमतेम आत जातो ती निवडा. दोनच्या बोल्टवर तीन नट चढवा, तिघांच्या कडा एका रेषेत आणून एकमेकांवर आवळा, हा झाला तुमचा साचा. तो नळीत घालून वाइसमध्ये समोरासमोरच्या बाजू हलक्या दाबा, फिरवा, परत दाबा, तीन वेळा. नळी सहा कोपऱ्यांची होते. साचा निघत नसेल तर नळी थोडी गरम करा, पितळ लोखंडापेक्षा जास्त फुगतं, निघतो.

या नळीनं नट आवळायचा नाही, आवळला तर ती फुलासारखी उमलते. पण नट चढवायला, म्हणजे बोटं पोचत नाहीत अशा जागी नट पहिल्या दोन आट्यांवर बसवायला हिच्यासारखं दुसरं नाही, माझ्याकडं दोन्ही आहेत, नळीनं चढवतो आणि बोल्टच्या पान्यानं आवळतो. नट पडू नये म्हणून तोंडाला कणभर ग्रीस. चुंबक बसवायचा विचार येईल, पण बरेच जण स्टेनलेसचे नट वापरतात आणि त्यांना चुंबक फारसं धरतच नाही, ग्रीस कोणालाही धरतं.

प्रश्न : तीन एमएमच्या नटाला कोणत्या बोल्टचं तोंड चालेल?

उत्तर : कोणत्याच नाही. तीनच्या नटाला साडेपाच लागतं आणि साडेपाचचं तोंड नेहमीच्या एलन बोल्टात येत नाही, आठच्या बोल्टचं ६चं आहे, त्यात नट गरगर फिरतो. साडेपाचची नि चाकाच्या मधल्या मोठ्या नटाची ७ची गोटी पाव इंची सेटमध्ये बहुतेक मिळते, विकत घ्या बाप्पा. सगळंच घरी केलं पाहिजे असं थोडंच आहे.

प्रश्न : माझ्या गाडीचे दीडच्या एलनचे स्क्रू सगळे गोल होऊन राहिले. की नवीन आहे तरी. गाडी शेतात चालवतो, पावसाळ्यातही. – आर्वी तालुका

उत्तर : 'शेतात' हे तुम्ही शेवटी लिहिलं, आजार तिथंच आहे. आपली काळी माती ओली असताना त्या दीड एमएमच्या तोंडात घुसते आणि वाळली की सिमेंट. की आत जाते असं वाटतं, पण जाते अर्धीच, वरच्या वर धरते आणि कोपरे सोलून निघते. दोष कीचा नाही. स्क्रू खोलायच्या आधी बाभळीचा काटा घ्या, ताजा नको, वाळलेला, आणि प्रत्येक तोंड बुडापर्यंत टोकरून काढा. सुईपेक्षा काटा बरा, सुई स्टीलवर घसरून बोटात जाते, काटा फार तर मोडतो. मग फुंकर, मग की, आणि की बुडाला टेकल्याचा 'टक' असा स्पर्श बोटाला झाल्याशिवाय फिरवायचं नाही.

कीचं टोक झिजलं असेल तर ग्राइंडरवर एक-दोन एमएम उडवून टाका, मागचं ताजं षटकोन पुढं येतं. पण एका दमात नाही, टेकवा, पाण्यात बुडवा, टेकवा, निळी पडली की मऊ झालीच समजा. आणि तुमच्याकडचा सेट इंची तर नाही ना हे पहा. पाच-चौसष्टांश इंचाची की भरते १.९८ एमएम, दोनच्या तोंडात ती मजेत जाते आणि आतून कोपरे खात बसते. एक-सोळांश तर १.५९ भरते, ती दीडच्यात जातच नाही, मग लोक हातोडीनं ठोकतात. ठोकणाऱ्यांची पत्रं वेगळ्या फाइलला आहेत.

प्रश्न : काका, मी पवनीकडची. आमच्या मुलानं तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी रिमोटच्या ट्रकला जोडून गल्लीभर फिरवला, सगळे पाहतच राहिले, पण तोरणाखाली पोचेपर्यंत ट्रकचं एक चाक निखळून नालीत. स्क्रू हादऱ्यानं सैल होतात. दुकानदार म्हणतो लॉकटाइट लावा. लावू का? आणि लाकडाचा नंदी ओढून मोटर जळेल का?

उत्तर : ताई, पहिले त्या पोराला शाबासकी सांगा, बैल ट्रकनं ओढायची कल्पना मला साठ वर्षांत सुचली नाही.

लॉकटाइट म्हणजे आटे धरून ठेवणारा डिंक, तो लावा, पण निळं घ्या, लाल नको, लाल नंतर सहजासहजी सुटत नाही. ते हवा बंद झाली आणि लोखंडाला लोखंड टेकलं की आतल्या आत घट्ट होतं, म्हणून धातूच्या स्क्रूवर धातूचा नट असेल तिथंच लावायचं. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला लावायचं नाही, काही प्लास्टिक त्यानं तडकतं, मग चाकच काय ॲक्सलचं घरही जाईल. थेंब एवढासा, काडीच्या टोकावर येईल तेवढा, आणि स्क्रूवर आधीचं ग्रीस असेल तर पेट्रोलच्या बोळ्यानं पुसून. प्लास्टिकच्या जागी तुमच्याकडचं नेलपॉलिश स्क्रूच्या डोक्यावर बाहेरून एक फराटा मारा, सैल झालं की रंग तुटलेला दिसतो, खरा फायदा तो. पुढं कधी लॉकटाइटचा स्क्रू निघेना तर सोल्डरिंगची तापलेली कावी अर्धा मिनिट डोक्यावर धरायची, सोडतो.

चाक निखळलं ते मात्र बहुतेक स्क्रूमुळं नाही. चाकाचा मधला नट नायलॉनवाला असेल, तो पाच-सात वेळा खोलून लावला की नायलॉन झिजतं आणि नट बोटानंही फिरायला लागतो. हातानं फिरवून पहा, पान्याशिवाय शेवटपर्यंत गेला तर तो बदला, चार एमएमचे नवीन चार नट घ्या आणि जुने साध्या जागी वापरा.

मोटरचं म्हणाल तर नंदीला चाकं आहेत ना? मग ओढणं सोपं आहे, चढावर थांबून थांबून न्यायचं आणि पाच मिनिटांनी मोटरला बोट लावून पहायचं, बोट टिकत नसेल तर सावलीत उभी करायची. दोरी मात्र ट्रकच्या बंपरला नाही, खालच्या चासीला बांधा, आणि नंदीच्या मानेऐवजी त्याच्या पाटाला. मानेला बांधला की वळणावर नंदी तोंडावर पडतो, आमच्या गल्लीत मागच्या पोळ्याला तसे तीन पडले, ओढणारी पोरं पायीच होती तरी.

प्रश्न : हे बारके नट हरवतात फार. उपाय?

उत्तर : स्टीलची वाटी, बुडाखाली जुन्या स्पीकरचं चुंबक. स्टेनलेसचे नट असतील तर पांढऱ्या कापडावर खोला, काळ्या सतरंजीवर नको. आणि कोंबड्या बाहेर हाकला आधी, माझे दोन त्यांनीच टिपलेत.